समोरचे बुवा आमच्या तळघरात

"कोणी बांधलंय हे? जिवंत आहे का तो?"

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की याचं पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. चपला दारात काढायच्या, कमरेवर हात ठेवायचे, आणि छत आत्ताच आपल्या अंगावर थुंकलंय अशा नजरेनं वर बघायचं. घरमालक बिचारा सांगायचा की वडिलांनी बांधलं, आता ते नाहीत. त्यावर हा मान डोलावून म्हणायचा, "सुटले."

असला माणूस तुम्हीही एखादा पाहिला असेल. पण तुम्ही त्याला पत्ता शोधत जाऊन, हात जोडून, आपल्या घरी बोलावलं नसेल. आम्ही बोलावलं. का बोलावलं ते सांगतो, पण आधी वैर सांगतो, कारण वैर जुनं आहे आणि तळघर नंतरचं.

आमचं मुलुंडचं भजनी मंडळ आणि त्याचं भांडुपचं. डबलबारी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच, की दोन मंडळं समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात, सुरुवातीला देवाचं नाव घेतात आणि शेवटच्या गजरात एकमेकांचं. लोक अभंगाला चहा प्यायला उठतात आणि गजराला परत येऊन बसतात. कारण गजरात समोरच्या बुवांची अब्रू चालीवर घोळवून अशी काढायची असते की त्यांना उद्या दूध आणायला बाहेर पडायची लाज वाटावी. हा माणूस म्हणजे आमचे कायमचे समोरचे बुवा. नाव होतं त्याला, पण आम्ही ते कधी उच्चारलं नाही, तोंड विटाळतं. आम्ही म्हणायचो 'समोरचा'.

मी मंडळात झांज वाजवतो. एका बारीत ह्यानं माझ्याकडे बोट करून भर मांडवात चाल लावली, की मुलुंडकरांनी झांजवाला ठेवलाय की भांडी घासायला गडी. मांडव इतका हसला की दोन बांबू निखळले, हे मी शपथेवर सांगतो. भांडुपच्या बाजारात मला कोळणी अजून विचारतात, भाऊ, आमचं पातेलं कधी घेताय. त्याहून वाईट म्हणजे चाल चांगली होती. माझी बायको आठवडाभर पोळ्या लाटताना तीच गुणगुणत होती.

तर वैर हे असं. आता तळघर.

मुलुंडला डोंगराच्या उताराकडे एक जुनं दगडी घर आहे. रस्त्यावरून बघाल तर बैठं वाटतं, पण उतारामुळे खाली मोठं तळघर निघालंय. घर आत्यांचं. आत्या कुणाच्या ते विचारू नका, सगळ्या गल्लीच्या. त्यांनी तळघर आम्हाला तालमीसाठी दिलेलं. हल्लीच्या टॉवरांमध्ये कुकरच्या चौथ्या शिट्टीला सेक्रेटरीचा फोन येतो, तिथे पखवाज कोण वाजवू देणार? तळघर गेलं तर मंडळ गेलं, इतका साधा हिशेब होता.

त्या तळघराला वरच्या अंगाला, गल्लीच्या पातळीवर, झरोके होते. त्यातून उजेड यायचा, वारा यायचा आणि आमचं गाणं बाहेर जायचं. नेमकं तेच नडलं. आमच्या बुवांनी नवा गजर बांधला की पुढच्या बारीला समोरच्याकडे त्याचं उत्तर तयार. आम्ही टोमणा मारायच्या आधीच तो मान डोलावत बसलेला. मग कुणीतरी पाहिलं, की तालमीच्या वेळी गल्लीत भांडुपची माणसं चणे खात उभी असतात. आमचे बुवा खवळले. दसऱ्याला शस्त्रांची पूजा करतात ना, तशी त्यांनी विटांची पूजा केली आणि झरोके चिणून टाकले. वर सिमेंट. आम्ही पेढे वाटले. एक पेढा झरोक्याला पण लावला.

त्यानंतर तळघरात ओल आली. ओल म्हणजे काय, तर अंगारकीच्या गर्दीसारखी आली. भिंतीला लोणा धरला, रंगाचे पोपडे पानासारखे गळायला लागले. सतरंजीखाली अळंबी उगवली. आमच्या पखवाजवाल्याने तिची भाजी करून खाल्ली असं मी सांगतो, तो नाही म्हणतो. एक बेडूक मागच्या कोपऱ्यात राहायचा आणि कोरसमधल्या निम्म्या लोकांपेक्षा सुरात ओरडायचा. ते सगळं चाललं असतं. पण पखवाज. पखवाजाचं कातडं ओल पिऊन असं ढिलं पडलं की थाप मारली की ओल्या गोधडीवर धपाटा घातल्यासारखा आवाज.

आणि मग ओल जिन्याच्या भिंतीने वर आत्यांच्या खोलीत चढली. आत्या खाली आल्या, आमच्या बुवांच्या समोर उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पावसाळा लागल्यावर मी इथे हात लावून बघणार. ओला झाला तर डेब्रिजचा ट्रक मागवून तळघर बुजवणार. मला माझं घर पाहिजे, तुमचा विठ्ठल कुठेही राहील."

माणसं आली बघायला. वॉटरप्रूफिंगवाले. एक जिन्यावरूनच घसरला आणि तसाच परत वर गेला. दुसरा खाली आला, नाक दाबलं, मोबाइलला रेंज नाही म्हणाला, रेंज शोधायला बाहेर गेला, अजून शोधतोय. या भागात दगडी भिंतीला हात लावणारा एकच माणूस आहे असं जो तो सांगायचा. कोण ते तुम्ही ओळखलंच असेल. भजन ही त्याची खोड, धंदा वॉटरप्रूफिंगचा.

मंडळाने मला पाठवलं. अपमान झालेला माणूस अपमानाला घाबरत नाही, असं आमच्या बुवांचं म्हणणं पडलं.

भांडुपला त्याच्या चाळीत गेलो. तो ओट्यावर बसून ड्रिल मशीनला तेल पाजत होता. मला बघून म्हणाला, "काय रे झांजवाल्या, भांडी संपली वाटतं मुलुंडची?" मी गिळलं. सगळं सांगितलं, पखवाजाचं पण. ते ऐकून त्याने मशीन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"येतो," म्हणाला. "फुगलेला पखवाज घेऊन हरलात तर लोक म्हणतील ओलीनं हरले. तुम्ही माझ्यामुळे हरायला पाहिजेत."

आला. दारात चपला काढल्या, कमरेवर हात ठेवले, वर बघितलं आणि विचारलं कोणी बांधलंय, जिवंत आहे का तो. आत्या म्हणाल्या, माझ्या वडिलांनी, आणि नाहीत. तो म्हणाला, सुटले. आत्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हो ना. तुम्ही येणार हे कळलं असावं त्यांना."

 तो तडक तळघरात उतरला. आत्यांना त्याच दिवशी मंडळात घ्यावं असा ठराव मी मांडला होता.

पुढचे दिवस म्हणजे शत्रूचं सैन्य घरात. आम्हाला गच्चीवर हाकललं आणि ह्याने खाली तोफा लावल्या. आधी म्हणाला, पाणी वरून येतंय, आत्यांच्या न्हाणीघरातून, पैजेवर सांगतो. न्हाणीघर उखडलं. खाली सुकी रेती निघाली, पापड वाळत घालावे इतकी सुकी. आत्या आठवडाभर शेजारी आंघोळीला गेल्या. दुसरा कुणी असता तर चुकलो म्हणाला असता. हा म्हणाला, "तो नळ आज ना उद्या फुटणारच होता." फरशा परत बसवल्या त्या वेगळ्याच रंगाच्या, आणि वर आत्यांनाच सांगितलं की आधीचा रंग बघवत नव्हता.

मग मात्र तो भिंतीला भिडला. जुनं प्लास्टर दगडापर्यंत सोलून काढलं. बाहेरून डोंगराच्या अंगाला भिंतीलगत चर खणला, त्यात खडी आणि पाइप घालून डोंगराचं पाणी गटाराकडे वळवलं. आतून दगडांच्या सांध्यांत भोकं पाडून पंपाने सिमेंट असं भरलं की भिंतीच्या पोटात माझ्या मते एक अख्खं दुसरं घर गेलं. त्यावर नवं प्लास्टर. आणि हे सगळं करताना शिव्या. दगडाला शिव्या, चुन्याला शिव्या, आत्यांच्या वडिलांना शिव्या, आणि मी तिथे दिसलो की दगडाला विश्रांती.

मी तिथे दिसायचो कारण आमच्या बुवांनी मला पहाऱ्यावर बसवलं होतं. शत्रू आहे, कान आहेत, काहीतरी ऐकून जाईल. तर हा ड्रिल मशीनच्या आवाजात कसलीतरी नवी चाल गुणगुणायचा. मी ती पाठ करून संध्याकाळी गच्चीवर पोचवायचो. आमच्या बुवांनी त्यावर जबरदस्त उत्तर बांधलं. चार दिवस मेहनत केली. मग एक दिवस मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात होतो आणि हा आपल्या माणसाला सांगताना ऐकलं, की आज झांजवाल्याला साबणाच्या जाहिरातीची चाल उलटी करून दिली.

काम संपलं. जमीन कोरडी, भिंत कोरडी. बेडूक सामान घेऊन गेला. आम्ही परत खाली आलो आणि इतके दिवस गच्चीवर दबून गायलेलं सगळं एका आठवड्यात ओरडून काढलं. पाऊस अजून लागायचा होता. आणि एका संध्याकाळी पखवाजवाला भिंतीला टेकला आणि उठला तर त्याचा सदरा पाठीला चिकटलेला.

भिंतीला घाम फुटला होता. बारीक, पण फुटला होता.

आता बघा माणसाचा स्वभाव. तळघर चाललं, मंडळ चाललं, आणि आम्ही खूश. समोरचा हरला! आमच्या बुवांनी तिथल्या तिथे गजर बांधला, की भांडुपच्या बुवांची भिंत त्यांच्या गळ्यासारखी, बाहेरून गिलावा आणि आतून गळती. मला फोन करायला लावलं. मी फोनवर तो गजर गाऊनच दाखवला. त्याने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाला, "चाल बरी आहे. उद्या येतो."

आला तो हातात प्लास्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी घेऊन. भिंतीवर तो चौकोनी तुकडा चारी बाजूंनी घट्ट चिकटवला. आम्हाला सांगितलं की नेहमीसारखी तालीम करा, मी जिन्यात बसतो. तालीम संपली की प्लास्टिक बघायचं. पाणी मागे, भिंतीच्या बाजूला असेल तर मी नालायक. पुढे असेल तर तुम्ही.

त्या दिवशी आम्ही काय गायलो विठ्ठलाला माहीत. सगळे डोळे त्या प्लास्टिकवर. आमच्या बुवांनी पेटीवर दोनदा भलतीच पट्टी धरली. झांजा माझ्या हातात होत्या की पापड, मला आठवत नाही. शेवटची आरती झाली. तो उतरला, दिवा जवळ धरला.

पुढच्या बाजूला थेंब होते. आमच्या बाजूला. त्याने पट्टी ओढून प्लास्टिक काढलं. मागची भिंत कोरडी ठक्क.

त्याने प्लास्टिकवरून तळहात फिरवला, तो ओला हात आमच्या बुवांच्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "बुवा, ही ओल जमिनीतून नाही आली. ही तुमच्या तोंडातून आलीय."

इतकी माणसं ह्या डब्यात बसून ओरडता, तो सांगत सुटला, घाम गाळता, कोपऱ्यात चहाची किटली दोन तास वाफ सोडते. ती वाफ जाणार कुठे? गार भिंतीवर बसते. मी डोंगर अडवला, तुम्हाला कसा अडवू? मग त्याने वर बघितलं. चिणलेल्या झरोक्यांवर आम्ही देवांच्या तसबिरी लावल्या होत्या. एक तसबीर त्याने हळूच बाजूला केली आणि सिमेंटवर बोट वाजवलं.

हे कोणी बुजवलं, विचारलं.  कशाला बुजवलं, विचारलं. पखवाजवाला आपल्या पायाची नखं मोजायला लागला. आणि मग त्याला कळलं. त्याचा चेहरा असा फुलला की बघवेना. तो हसला. मी त्याला त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं; जुनं शटर वर करावं तसा आवाज.

"माझ्यासाठी?" म्हणाला. "अरे मेल्यांनो, माझ्यासाठी स्वतःला गाडून घेतलंत?"

आमचे बुवा उठले. वयाने याच्याहून मोठे, आवाजानेही. म्हणाले, झरोके उघडणार नाहीत. हे वॉटरप्रूफिंग नाही, हेरगिरी आहे. डोंगर अडवता येतो आणि वाफ अडवता येत नाही हे आम्हाला शिकवू नका. तेवढ्यात वरून आत्यांचा आवाज आला की आभाळ भरून आलंय आणि ट्रकवाल्याचा नंबर त्यांच्या हाताशीच आहे. आमचे बुवा थांबले. झरोके बुजलेले राहिले तर तळघर जाणार आणि उघडले तर गजर जाणार, हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं. मग त्यांनी शेवटची अट घातली. उघडतो, पण तुमचा एकही माणूस गल्लीत उभा राहणार नाही अशी देवासमोर शपथ घ्या.

आम्हाला वाटलं घेईल. घ्यायला काय जातंय, मोडता येते.

"नाही घेणार," तो म्हणाला. "माणसं कशाला, मीच येणार. पहिल्यापासून मीच यायचो, चणेवाले नुसते सोबतीला. तुम्ही वाफ सोडा, मी ऐकतो. कोरडं पाहिजे की गुपित पाहिजे, ते ठरवा बुवा."

 आमच्या बुवांनी विठ्ठलाकडे बघितलं, पखवाजाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून हातोडा मागितला. पहिला घाव त्यांनीच घातला, आणि असा घातला की वीट गल्लीत जाऊन एका उभ्या स्कूटरच्या सीटवर बसली. वारा आत आला. इतक्या वर्षांची बंद हवा अशी बाहेर पडली की समोरच्या वाण्याने दुकान अर्धं बंद केलं.

पावसाळा लागला. आत्या खाली आल्या, चारही भिंतींना हात लावला, हात बघितला, पदराला पुसायची गरज पडली नाही आणि वर गेल्या. ट्रक आला नाही. आम्ही तळघर राखलं.

आणि बारी हरलो. अर्थात. तो खरोखर गल्लीत येऊन उभा राहायचा, छत्री घेऊन, राजरोस. पुढे आम्हीही शहाणे झालो. त्याची छत्री दिसली की मुद्दाम खोटा गजर मोठ्याने म्हणायचो. तो बाहेरून ओरडायचा की दुसरी ओळ तालात बसत नाही. बसत नसायची. आमचे बुवा दात खात ती दुरुस्त करायचे आणि मग ती खऱ्या गजरात घालायचे. वर्षानुवर्षं असं चाललं. मी त्याचा मनापासून द्वेष केला आणि तब्येत ठणठणीत राहिली.

मग भांडुपची चाळ पाडायला घेतली. टॉवर होणार. त्याला तात्पुरतं घर मिळालं मानखुर्दला, त्याचा पखवाजवाला गेला विरारला, पेटीवाला मुलाकडे पनवेलला. त्यांचं मंडळ चार दिशांना सांडलं. त्या वर्षी बारी ठरली नाही, कारण समोर बसायलाच कोणी नव्हतं. दुसरी मंडळं होती. आमच्या बुवांना चालेनात. म्हणायचे, ह्यांना शिवी दिली तर रडतील.

परत मला पाठवलं. मानखुर्दला सातव्या मजल्यावर तो खिडकीखालच्या ओलीकडे बघत बसला होता. मी निरोप सांगितला, की वार वाटून घेऊ, एक दिवस आमची तालीम, एक दिवस तुमची, माणसं जमवा, तळघर घ्या. त्याने मला चहा दिला. चहात साखर होती, तेव्हाच मला भीती वाटली.

"तुमच्या बुवांना सांग," म्हणाला, "तिथे बसून मी तुम्हाला शिव्या देऊ? यजमानाला? मग गजर कसला, ते आभाराचं भाषण होईल." आणि ड्रिल मशीन विकून गावी गेला, कणकवलीकडे.

तळघर कोरडंच राहिलं. हा त्याचा शेवटचा दुष्टपणा. दर पावसाळ्यात मी भिंतीचा कोपरान्‌कोपरा चाचपायचो, कुठे डाग दिसतोय का, की फोन करून त्याची अब्रू काढावी. डाग नाही. शेवटी आमच्या बुवांनीच एक दिवस बादली भरून आणली आणि मागच्या भिंतीवर मारली. मी मोबाइलवर फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, बुवा, तुमची भिंत गळली, गावी बसून काय उपयोग, या आणि बघा.

दहा मिनिटांत त्याचा आवाज आला, मोबाइलवर रेकॉर्ड केलेला, आता अस्सल मालवणीत. आम्ही सगळे त्या मोबाइलभोवती वाकलो. "ओल खालसून वर चढता, गाढवानू. ह्यो ओघळ वरसून खाली इलोहा. बादली कोणी मारल्यान? झांजवाल्यान मां?" मग खोकला, मग परत: "गणपती झाले की येतंय. बघतंय तुमका."

आमचे बुवा पेटीवर बसले आणि त्याच रात्री तीन गजर बांधले. इतके जहाल की मंडळातल्या एकाने कानात बोटं घातली. बारीची जागा ठरवली. मांडववाल्याला सांगितलं की ह्या वेळी बांबू मजबूत लावा.

गणपतीच्या आधीच गावाहून कळलं, समोरचा गेला. साधा ताप होता म्हणे. डॉक्टरलाही तो काहीतरी बोलला असणार.

त्या संध्याकाळी तालमीला सगळे आले, पण पेटीचं झाकण कोणी उघडेना. आमचे बुवा भिंतीकडे बघत बसले. बादलीचा डाग केव्हाच वाळला होता. झरोक्यांतून वारा येत होता. मग ते उठले, बादली घेऊन नळावर गेले, भरून आणली आणि भिंतीवर मारली. आम्ही बसून बघत राहिलो.

सकाळी मी जाऊन पाहिलं. वाळली होती.

आता दर शनिवारी एक बादली मारतो.